विधवा आईनं कन्यादानाला बसावं का? बडोद्यातल्या एका पुरोहिताचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मधुमेह होता, हृदयविकाराचा दुसरा झटका आला आणि गेले. आता मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, बडोद्यातच. दीर आणि जाऊबाई म्हणतात, पुण्याहवाचनापासून कन्यादानापर्यंत सगळ्याला आम्ही बसू, वहिनींनी अक्षता पडेपर्यंत पुढे येऊ नये. एका ज्योतिषानं मुलीच्या पत्रिकेत मंगळ आणि कालसर्प दाखवला, वडील गेले ते त्यामुळेच असं तिच्या तोंडावर सांगितलं आणि लग्नाआधी नारायण-नागबळी करा म्हणाला. त्यातच मुलीची पाळी लग्नाच्या तारखेच्या आसपास येते आहे, म्हणून घरातल्या बायका तिला गोळ्या घे म्हणून मागे लागल्यात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "गुरुजी, खरा धर्म असं सांगत नाही ना?"

या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण बाकी सगळ्याचं उत्तर तिच्यातच आहे. बडोद्यात पौरोहित्य करण्यात माझं आयुष्य गेलं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग इथल्या मराठी घरांतली लग्नं, मुंजी, वास्तुशांती माझ्या हातून झाल्या, आणि त्याच घरातल्या माणसांबरोबर खासवाडीच्या स्मशानातही उभा राहिलो. तुम्हाला "नाही, खरा धर्म असं सांगत नाही" हे ऐकायचंय. माझ्या व्यवसायातले पुष्कळ जण ते पटकन सांगतील. मी तसं सांगणार नाही. धर्म असंही सांगतो. आमच्या पोथ्यांत ते लिहिलेलं आहे आणि ते लिहिलेलं नाही असं दाखवून तुमचं समाधान करणं मला पटत नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पती गेलेल्या स्त्रीनं फुलं, मुळं, फळं खाऊन देह झिजवावा, दुसऱ्या पुरुषाचं नावही घेऊ नये, असं आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात त्याच्याही पुढची मजल आहे. विधवेनं वेणी घातली तर तिचा नवरा परलोकात बांधला जातो, म्हणून तिनं डोकं भादरलेलं ठेवावं, असं तिथे सांगितलंय. सगळ्या अमंगळ गोष्टींत विधवा अधिक अमंगळ, तिचं दर्शन झालं तर कोणतंही काम सिद्धीस जात नाही, आणि शहाण्या माणसानं तिचा आशीर्वादसुद्धा सापाच्या विषासारखा टाळावा, हेही तिथेच आहे. तुमच्या जाऊबाईंनी काशीखंड वाचलेलं नसणार. पण अक्षता पडेपर्यंत पुढे येऊ नका हे त्यांचं वाक्य तिथूनच झिरपत आलंय. कीर्तनांतून, व्रतकथांतून, आज्यांच्या तोंडून ते घराघरांत पोचलं.

त्याच काशीखंडात एक अपवाद आहे. आपली स्वतःची आई विधवा असली तरी ती अमंगळ नाही, असं तो श्लोक सांगतो. म्हणजे स्त्रीविषयी इतकं कठोर लिहिणाऱ्यालाही स्वतःच्या आईला मांडवाबाहेर उभं करणं जमलं नाही. या आधारावर मी तुम्हाला एका वाक्यात मोकळं करू शकतो. तुमच्या दिरांना हा श्लोक दाखवा, विषय संपला. तसा तो संपेलही, कारण संस्कृत ओळ म्हटली की आपल्याकडे माणसं गप्प होतात. पण तसं केलं तर त्या मांडवात येणाऱ्या तुमच्या नणंदेचं काय, शेजारच्या काकूंचं काय, मुलीला लहानपणी सांभाळलेल्या बाईंचं काय? त्या कोणाच्याही आई म्हणून आलेल्या नसतील. त्यांना तो श्लोक बाहेरच ठेवतो. त्याच्या आडोशाला तुम्ही आत याल आणि दार पुन्हा लागेल.

कन्यादानाच्या अधिकाराचंही तसंच आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या पहिल्या अध्यायात कन्या कोणी द्यावी याचा क्रम दिलाय: "पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा." वडील, आजोबा, भाऊ, कुळातला कोणी, आणि मग आई. आधीचा नसेल तर पुढचा. आईला अधिकार आहे, हे नाकारणारा पुरोहित एक तर शिकलेला नाही किंवा खोटं बोलतोय. पण रांगेतली तिची जागा पाहा. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं, ताप आला तेव्हा उशाशी बसली, शाळेच्या फीचे पैसे जमवले, ती कुळातल्या कुठल्या तरी चुलत नातेवाइकाच्या मागे. या श्लोकानं तुम्हाला परवानगी मिळते आणि त्याच श्लोकात अपमानही होतो. मला तुमच्याकडून तो अपमान स्वीकारून घ्यायचा नाही.

आधार शोधण्याचं हे वेड फार जुनं आहे आणि त्यानं पुष्कळ आयुष्यं वाया घालवली. पाराशर स्मृतीत पती मेला, बेपत्ता झाला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला तर स्त्रीला दुसरा पती करता येतो, असा स्पष्ट श्लोक आहे. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच श्लोकावर बोट ठेवलं आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी तोच आधार घेतला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे यावर मोठा वाद झाला, दोन्ही बाजूंना शास्त्री, दोन्ही बाजूंना वचनं. निकाल सुधारकांच्या विरुद्ध लागला. श्लोक जसाच्या तसा होता, पण समोरच्यांनी म्हटलं, तो या युगासाठी नाही. शास्त्राचं वचन ज्याला जे हवं त्याच्या बाजूनं उभं राहतं. म्हणून एखादी क्रूर प्रथा चालू ठेवणाऱ्यानं "शास्त्रात आहे" असं म्हटलं, तर मी त्याला विचारतो, शास्त्रात दुसरंही आहे, मग तुम्ही हेच का निवडलंत? ही निवड त्याची असते. तिचं उत्तरही त्यानंच द्यायला हवं, ऋषींच्या नावावर ते टाकून चालणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती पोथ्यांतली नाही. माझ्या वडिलांच्या आत्या आमच्याच घरी असत. लाल आलवण, म्हणजे विधवेनं नेसायचं लुगडं, डोक्यावरून पदर, त्याखाली केस नाहीत. लहान वयात नवरा गेला होता. आमच्या घरातल्या मुंजीत सगळ्या बायका पुढच्या खोलीत आणि त्या मागच्या पडवीत वाती वळत बसलेल्या, हे मी पाहिलंय. वाती त्यांच्या चालत होत्या, त्यांनी भाजलेले पापड चालत होते, पहाटे चारला उठून केलेला स्वयंपाक चालत होता. फक्त त्या स्वतः चालत नव्हत्या. त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं नाही, माझे आजोबा त्यांच्यावर जीव टाकत. तरीही त्यांना पडवीत बसवणं त्यांना चुकीचं वाटलं नाही. धर्माच्या नावानं होणाऱ्या नुकसानीतला हा भाग मला सगळ्यात जड जातो. वाईट माणसं त्याला लागत नाहीत. चांगली, प्रेमळ, देवभोळी माणसं आपल्याच माणसाचा जन्म कोंडून ठेवतात आणि रात्री शांत झोपतात.

ते केशवपन थांबलं कशानं? वादसभांनी थोडं, शिक्षणानं पुष्कळ. पण एका प्रसंगाची आठवण मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला करून देतो. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रथा त्यानंतरही अनेक दशकं चालली, हे खरंच आहे. पण एका गोष्टीकडे पाहा. त्या प्रथेचा आधार पोथीत होता, आग्रह शास्त्र्यांचा होता, पैसा घरच्या पुरुषांचा होता, आणि हात मात्र न्हाव्याचा लागत होता. ज्याला शिकलेले लोक आपल्या पंगतीला बसू देत नव्हते, त्यानं आपला हात काढून घेतला. माझ्या व्यवसायातल्या शिकलेल्या, शास्त्रसंपन्न माणसांना हे तेव्हा सुचलं नाही, याची खंत मला आजही आहे. संकल्प आम्ही सांगतो, मंत्र आम्ही म्हणतो. विधवेला बाजूला बसवणारं लग्न पुरोहिताशिवाय लागत नाही. आईला मांडवाबाहेर ठेवून लग्न लावा, असं कोणी म्हटलं तर मी ते लग्न घेत नाही, आणि हे सुपारी घेतानाच सांगतो, ऐनवेळी नाही.

बडोद्याच्या माणसाला याबाबतीत थोडा जास्त इतिहास ठाऊक असायला हवा. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला आणि १९३३ मध्ये जातीच्या जुलमाविरुद्ध कायदा केला. आमच्या व्यवसायाला थेट हात घातला तो १९१५ च्या हिंदू पुरोहित कायद्यानं. पुरोहितानं परीक्षा दिली पाहिजे, विधीचा अर्थ त्याला कळला पाहिजे आणि तो यजमानाला त्याच्या भाषेत सांगता आला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. हे करणारा राजा त्याच घराण्यातला, ज्याला वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी विधी करून घेण्याचा अधिकार नाही असं इथले वैदिक म्हणत होते. १८९६ च्या सुमारास महाराजांनी राजवाड्यातले विधी वेदोक्त करून घ्यायला सुरुवात केली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हाच अधिकार नाकारल्यावरून वेदोक्त प्रकरण पेटलं त्याच्याही आधी.

महाराजांविषयी मला अपार आदर आहे. तरी त्या कायद्यातल्या एका गृहीताशी मी सहमत नाही. अर्थ कळला की लोक शहाणे होतील, असं ते गृहीत होतं. कन्यादानाचा श्लोक घ्या: "कन्यां कनकसंपन्नां कनकाभरणैर्युताम् । दास्यामि विष्णवे तुभ्यं ब्रह्मलोकजिगीषया ॥" सोन्यानं मढलेली ही कन्या विष्णुरूप अशा तुला देतो, मला ब्रह्मलोक जिंकायचा आहे म्हणून. याचा अर्थ मराठीत नीट समजावून सांगितला, तर तुमच्या मुलीला काय वाटेल? सोनं आणि ती एकाच ओळीत, आणि पुण्य देणाऱ्याचं. इथे अर्थ कळल्यानं कोणाचं दुःख कमी होत नाही, उलट वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. आंबेडकर इथे नोकरीवर रुजू झाले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना काढलं, कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. पुरोहितांच्या परीक्षा चालू होत्या आणि शहर होतं तसंच होतं. ज्ञान हवंच, पण त्याच्याबरोबर "मी हे करणार नाही" म्हणणारी माणसं लागतात.

आता तुमच्या लग्नाकडे येतो.

पुण्याहवाचनाला जोडीनं बसावं लागतं, तुम्ही एकट्या आहात, म्हणून दीर-जाऊ, असं तुम्हाला सांगितलं गेलंय. तुमच्या दिरांना एक विचारा. समजा तुम्ही गेला असतात आणि यजमान असते, तर मुलीच्या लग्नात त्यांना कोणी मागच्या खोलीत बसवलं असतं का? विधुर माणूस कमरेला सुपारी खोचतो, ती पत्नीच्या जागी धरतो आणि सगळं कार्य स्वतः करतो. ही रीत आपल्या सगळ्या घरांत आहे आणि तिच्यावर कोणी कधी हरकत घेतलेली मी ऐकली नाही. बायको गेलेल्या पुरुषाची अडचण एका सुपारीनं सुटते. मग नवरा गेलेल्या बाईला तीच सुपारी का चालत नाही? मी अशा लग्नांत आईला सुपारी घेऊन पाटावर बसवतो. संकल्पात तिचं नाव, तिचं गोत्र, "मम कन्यायाः". काही यजमान म्हणतात, असं कुठे लिहिलंय? विधुराची सुपारी ज्या विचारानं आली त्याच विचारानं ही आली, एवढंच मी सांगतो.

कन्यादान ठेवायचं की नाही, हे मुलीला विचारा. तुम्हाला किंवा दिरांना नाही, तिला. तिला नको असेल तर लग्नात काही कमी पडत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, याचं सातवं कलम रूढ विधींनी झालेलं लग्न मानतं आणि जिथे सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला असं म्हणतं. कन्यादानाचा त्यात उल्लेख नाही. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की विवाहासाठी कन्यादान हा अनिवार्य विधी नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं विधींचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत पूर्वीच रूढ केली आहे, तिथे स्त्रियाही पौरोहित्य करतात. बडोद्यातल्या घरांनाही तसं करता येतं. मुलीला कन्यादान हवं असेल तर तुम्ही बसा, आणि नवऱ्या मुलाला "नातिचरामि" हा शब्द अर्थासकट, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायला लावा. धर्म, अर्थ आणि काम यांत हिला ओलांडून जाणार नाही, असं ते वचन आहे. संपूर्ण विधीत मुलाला बांधून घेणारी जागा हीच, आणि नेमकी ती फोटोग्राफरच्या गडबडीत कोणाला ऐकू येत नाही.

जाऊबाईंना दुखवू नका. त्यांनाही हे कोणी तरी शिकवलंय, आणि उद्या त्यांच्यावर अशी वेळ आली तर तेच त्यांच्या वाट्याला येणार आहे. त्यांना सीमांतपूजनाला बसवा. मुलीला तेल-हळद लावायला मात्र घरातल्या ज्या बायकांना आजवर कधी बोलावलं नाही, त्यांना आवर्जून बोलवा, नाव घेऊन, आदल्या दिवशी फोन करून. "ज्यांना यायचंय त्यांनी या" एवढं म्हणून चालत नाही. इतकी वर्षं बाजूला बसलेली बाई तेवढ्यावर पुढे येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव करून, पती गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद केलं. एका ग्रामपंचायतीला जे जमलं ते शहरातल्या शिकलेल्या घरांना जमू नये, हे मला पटत नाही.

ज्योतिषाबद्दल मी रागानं लिहिणार आहे, माफ करा.

मंगळ पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की आपल्याकडे मंगळदोष धरतात. घरं बारा, त्यातली पाच दोषाची. म्हणजे शंभर मुलींतल्या चाळीसेक मुली मंगळाच्या. दक्षिणेत दुसरंही घर धरतात, मग निम्म्या. निम्म्या-अर्ध्या जगाचे नवरे आणि बाप या हिशेबानं अकाली जायला हवेत. कालसर्प तर वराहमिहिराच्या बृहज्जातकात, ज्योतिषाच्या त्या जुन्या ग्रंथात, नाहीच. राहू-केतू हे ग्रह नाहीत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत. बाकीचे सगळे ग्रह त्या दोघांच्या एका बाजूला आले की कालसर्प म्हणतात. गुरू आणि शनी संथ चालतात, त्यामुळे ते एका बाजूला असताना जन्मलेल्या हजारो मुलांच्या पत्रिकेत हा योग येतो. त्या सगळ्यांचे वडील गेलेले नाहीत. आणि नारायणबळी हा विधी ग्रंथांत अपघात, आत्महत्या, सर्पदंश अशा दुर्मरणासाठी सांगितलाय, नागबळी हातून नाग मारला गेला असेल तर. तुमचे यजमान मधुमेहानं आणि हृदयविकारानं गेले. ज्यानं तो सांगितला त्यानं ग्रंथही पाळला नाही.

हा धंदा चालतो कसा, ते जवळून पाहिल्यामुळे सांगतो. घरात मृत्यू झाला की माणसाला कारण हवं असतं. डॉक्टरांनी दिलेलं कारण कानात शिरत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. ज्योतिषी असं कारण देतो ज्याच्यावर काही तरी करता येतं. चांदोदला नर्मदेकाठी किंवा त्र्यंबकेश्वरला जा, दक्षिणा द्या, तीन दिवस विधी करा. पुढे चांगलं झालं तर विधीमुळे. वाईट झालं तर विधीत काही राहून गेलं, पुन्हा करा. कुठल्याही बाजूनं तो खोटा ठरत नाही. नर्मदेकाठी वडिलांच्या नावानं पिंड देऊन, पाण्यात उभं राहून एकदा मोकळं रडता यावं, म्हणून जाणारी माणसं मी पाहतो आणि त्यांना मी कधी अडवत नाही. दुःखाला एक ठिकाण लागतं. पण तुमच्या मुलीला सांगितलं गेलं ते यातलं नाही. वडील तुझ्यामुळे गेले, असं एका तरुण मुलीला, तिच्या लग्नाच्या तोंडावर सांगितलं गेलं. धर्माच्या पोशाखात केलेला तो घाव आहे. २०२४ मध्ये गुजरात विधानसभेनं नरबळी, अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध कायदा मंजूर केला, पण पत्रिका पाहून कोणाच्या मनावर असा दगड ठेवणाऱ्याला तो सहज लागू होईल असं मला वाटत नाही. तेव्हा हे काम घरातच करावं लागेल. यजमानांचे दवाखान्याचे कागद असतील ते मुलीसमोर काढा. साखर कधीपासून होती, पहिला झटका कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, औषधं कुठे सुटली, हे सगळं तिला तारखांसकट सांगा. ती "मला माहितीये" म्हणाली तरी सांगा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका. आणि नारायण-नागबळी करू नका. "करून टाकू, मनाची शांती" असं कोणी म्हणेल. तो विधी केला की तिच्यावरचा आरोप घरानं मान्य केला, असा त्याचा अर्थ ती घेईल.

पाळीचं थोडक्यात. मुलीला स्वतःच्या सोयीसाठी तारीख पुढे ढकलायची असेल तर तिनं स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून गोळ्या घ्याव्यात. अर्धशिशी असेल, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढू शकतो. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून परस्पर आणून घेऊ नयेत. गणपतीत, सत्यनारायणाला, मुंजीला बायका सर्रास तसं करतात आणि घरातले पुरुष त्याकडे पाहतही नाहीत. विटाळासाठी म्हणून मात्र एकही गोळी तिनं घेऊ नये. एकदा नांदीश्राद्ध, म्हणजे कार्याच्या सुरुवातीचं पितरांचं आवाहन, झालं की जवळच्या माणसाच्या मरणाचं सुतकसुद्धा लग्नाला आड येत नाही, अशी सोय आमच्या शास्त्रकारांनी करून ठेवली. कार्य थांबलं तर नुकसान होतं हे त्यांना कळत होतं. मृत्यू बाजूला ठेवता येतो, मग मुलीच्या शरीरातली एक नेहमीची घटना का ठेवता येऊ नये? २०२० च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, भुजच्या एका मुलींच्या वसतिगृहात, कोणाची पाळी चालू आहे हे तपासण्यासाठी साठाहून अधिक मुलींना कपडे काढायला लावलं. विटाळ ही निरुपद्रवी समजूत आहे, असं जे म्हणतात त्यांनी ते आठवावं. माझ्यासमोर पाटावर बसलेल्या मुलीला मी कधी विचारत नाही आणि कोणी विचारलेलं चालवून घेत नाही.

तुम्ही अजून गुरुजी ठरवलेले नाहीत असं पत्रावरून वाटतं. ठरवताना दक्षिणेच्या आधी तीन गोष्टी स्पष्ट विचारा: आईला पाटावर बसवणार का, मुलगी म्हणेल तर कन्यादान वगळणार का, आणि सप्तपदीचा अर्थ मराठीत सांगणार का. एकावर जरी "बघू, वेळेवर ठरवू" असं उत्तर आलं तर दुसरे गुरुजी पाहा, कारण मांडवात नातेवाइकांच्या गराड्यात वेळेवर काहीच तुमच्या बाजूनं ठरत नाही. हे बोलणं दिरांच्या समोर करा, म्हणजे नंतर वाद राहणार नाही. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून तुमचं नाव आधी घाला, दीर-जाऊबाईंचं त्याखाली. आणि त्या दिवशी तुम्हाला आवडेल त्या रंगाची पैठणी नेसा, कुंकू लावायचं असेल तर लावा. कोणी विचारलंच तर मुलीची आई आहे म्हणा, पुढची बोलणी पुरोहिताला करू द्या.